वालावरची निषेध फेरी

सर्व लहानथोर नागरिकांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येतं की, पेण आणि रोहा यांच्या मधे कुठेतरी असलेल्या आमच्या गावात गेल्या माघात एक युद्ध झालं. प्रत्यक्ष लढाई सहा दिवस चालली, रोज दुपारी चारच्या ठोक्याला. जीवितहानी झाली नाही. एका सायकलचं मडगार्ड वाकलं, पांढऱ्या बुटांचा एक जोड कायमचा हिरवट झाला, आणि चाळीस सुशिक्षित माणसांनी जे केलं ते त्यांना आजही कोणी विचारलं तर ती विषय बदलतात. गावाचं नाव मी सांगणार नाही. त्यात तिघांची अब्रू गुंतली आहे आणि त्या तिघांतला एक मी आहे.

आधी युद्धभूमी समजून घ्या. आमच्याकडे एक कारखाना होता. मी अर्ध्या चड्डीत होतो तेव्हाच तो बंद पडला. त्याच्यासाठी मुख्य लाइनीवरून खाजणातून भराव टाकून एक फाटा आणला होता. वॅगनी यायच्या, माल भरून जायच्या. कारखाना गेला, मग वॅगनी गेल्या, मग रूळ गेले. स्लीपर कुठे गेले ते बघायचं असेल तर गावातल्या कुठल्याही गोठ्यात डोकावा. खडी कुठे गेली हे मात्र कोणी विचारत नाही, कारण विचारणाऱ्याच्या घराच्या पायातही ती निघते. उरला नुसता भराव. आजूबाजूच्या शेतांपेक्षा पुरुषभर उंच, आणि खाडीवरून येणारा वारा अंगावर घेत पडलेला.

तीन वर्षांपूर्वी त्याच भरावावर चालण्याचा आणि सायकलचा मार्ग झाला. लाल पेव्हर ब्लॉक, लोखंडी बाकं, मधोमध पिवळा पट्टा. डावीकडून चालणारे, उजवीकडून सायकलवाले. पूर्वी वॅगनी भरायच्या तिथे भराव चांगला ऐसपैस आहे, त्या जागेला ‘विसावा चौक’ असं नाव देऊन पाटी लावली. आता विसावा घेण्यासारखं तिथे काही नव्हतं, सावलीसुद्धा नव्हती, पण पाटी झकास होती.

मी तिथे पोचलो तो साखरेमुळे. धाटावच्या एका कंपनीत तीस वर्षं बॉयलर सांभाळला, मुदतीआधीच घरी बसलो आणि वर्षाच्या आत रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज पाऊण तास चाला. बायको म्हणाली, रोज दीड तास चाला, तेवढंच घर मोकळं राहील.

त्या मार्गावर राज्य होतं मास्तरांचं. हे आमच्या नव्या इमारतींतले निवृत्त शिक्षक. गळ्यात शिट्टी, पायात पांढरेशुभ्र बूट, आणि मार्ग समितीचे अध्यक्ष. निवडणूक झाली होती का? मास्तरांनी हात वर करायला सांगितले आणि शिट्टी वाजवली, लोकांनी दचकून हात वर केले. एकदा मी बोलण्याच्या नादात पिवळ्या पट्ट्यावरून चाललो. शिट्टी वाजली. मास्तरांनी मला सगळ्यांदेखत मागे पाठवलं, अगदी सुरुवातीच्या मोरीपासून पुन्हा चालत या म्हणाले. बावन्न वर्षांचा बाप्या मी, ज्याच्या नुसत्या भुवईवर दोन हेल्पर हलायचे, तो मी निमूट गेलो. मास्तरांनी पाठवलं याचं दुःख नव्हतं. मी गेलो, हे मला सलत होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता शत्रुपक्ष. भरावाच्या खाली जे शेत आहे ते काकीचं, सगळं गाव तिला काकीच म्हणतं. वय सत्तरीच्या पुढे, अंगाने काटकुळी, आणि आवाज असा की खाली शेतात बोलली तर वर सायकलवाला ब्रेक मारायचा. आमच्या बाजूला भात कापलं की त्याच ओलीवर वाल पेरतात, आपले ते कडवे, बिरड्याचे वाल. माघात झाडं उपटायची, खळ्यावर वाळवायची, काठीने झोडपायची आणि वाऱ्यावर उधळून दाणा वेगळा करायचा. वॅगनी बंद पडल्यापासून काकीचं खळं एकच, त्या भरावावरची ऐसपैस जागा. कारण वारा तिथेच लागतो. म्हणजे आमचा विसावा चौक.

पहिली दोन वर्षं तिने चौकाचा एक कोपरा वापरला आणि मास्तरांनी नाक मुरडून चालवून घेतलं. तिसऱ्या वर्षी, एका पहाटे, मास्तर सर्वांच्या पुढे ताठ मानेने चौकात शिरले आणि मागच्या मागे बसले. सगळा चौक, पाटीच्या खांबापासून बाकापर्यंत, काकीने शेणाने सारवून ठेवला होता. पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांत दाणे अडकतात, म्हणून. शेण अजून ओलं होतं.

मास्तरांना उचलायला आम्ही धावलो, तोच भरावाखालून आवाज आला.

“कोनाचा पाय तो? सारवलेला दिसत नाय? आता तवढी जागा मना पुन्यांदा सारवाया लागंल.”

मास्तर हिरवट बुटांवर उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, हा सार्वजनिक मार्ग आहे.”

“आनि मी कोन, खाजगी?”

दुसऱ्या दिवसापासून ती वालाचे भारे वर आणू लागली. डोक्यावर भारा, डावा हात भाऱ्याला, आणि उजवा हात गळ्यात. बांधावरून घसरून तिने मनगट मोडलं होतं, कोपरापर्यंत प्लास्टर. वाडीवरची जी माणसं दरवर्षी मजुरीला यायची ती सगळी वीटभट्ट्यांवर गेलेली. मुलगा धाटावला कंपनीत, शिफ्टवाला. त्याने आईला भर रस्त्यात, आम्हा सगळ्यांच्या कानांवर पडेल असं सांगितलं होतं की हे वाल शिमग्याच्या आत घरात आले तर ठीक. नाहीतर पुढच्या वर्षी शेत पेरायचं नाही, प्लॉटवाल्याला होकार द्यायचा. शेजारच्या शेतात प्लॉटवाल्याचे लाल फडकी बांधलेले दांडके उभे होतेच. काकी येता-जाता त्यांच्याकडे बघून थुंकायची.

तर सगळा चौक वालाने भरला, गुडघाभर. काकी डाव्या हाताने काठी घेऊन झोडायला बसायची. दहा फटके मारायची, काठी ठेवायची, दंड चोळायची. मग पुन्हा दहा. संध्याकाळपर्यंत एक सूपभर दाणा. मी फेऱ्या मारताना हिशेब केला, या गतीने ती शिमग्याच्याच काय, गणपतीच्याही आत उरकत नव्हती.

दया आली असं म्हणावंसं वाटतं, पण आली नव्हती. मी तिच्यावर चिडलो होतो, कारण पहिल्याच दिवशी मी कडेने जाताना ती माझ्या पोटाकडे बघून म्हणाली होती, “कंपनीनं बरा खाया घातला रे तुला.” तिच्याकडून दरवर्षी आम्ही वाल घ्यायचो. तेही तिने बंद करून टाकलं. चालणाऱ्यांच्या घरात दाणा देणार नाही, असा निरोप आला. बायको माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, वालासाठी.

मग चकमकी सुरू झाल्या. समितीने पाटी लावली, ‘येथे पीक वाळत घालू नये’. काकीने त्या पाटीला ताडपत्रीची दोरी बांधली, वालावर रात्री दहिवर पडू नये म्हणून. पाटीशिवाय तिची ताडपत्री उडत होती, असं तिने मास्तरांना कळवलं आणि आणखी एक पाटी मागितली. एक सायकलवाला, काळा चष्मा आणि घट्ट चड्डी घालणारा, वेगात आला आणि शेंगांवरून घसरून काकीच्या पुढ्यात पालथा पडला. मडगार्ड वाकलं ते तेव्हा. काकीने त्याला पाणी दिलं आणि विचारलं, एवढं मोठं वय झालं तरी चड्डी लहानपणचीच का.

या सगळ्याला एक कायमचा प्रेक्षक होता. चौकाच्या टोकाच्या बाकावर काकीची जाऊ येऊन बसायची. तिचंही शेत शेजारीच, तिचेही वाल उपटून घरामागे पडलेले, आणि तीही एकटीच. पण दोघी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. बांध कुणी सरकवला यावरून. जाऊ चौकाकडे बघायची, काकी तिच्याकडे पाठ करून बसायची. एवढंच त्यांचं नातं.

एके दिवशी आभाळ भरून आलं. पाऊस पडला नाही, पण भिजले तर वाल गेलेच, आणि काकीचा चेहरा मी पाहिला. त्या दिवशी ती कोणाला शिवी देईना. मास्तरांनी नेमकी तीच वेळ साधली. समितीची सभा भरवली, मारुतीच्या देवळामागे, आणि ठराव मांडला. आजवर आपण वालाला वळसा घालतो, म्हणजे आपण वालाचा हक्क मान्य करतो. यापुढे वळसा नाही. चाळीस जणांनी रांगेत, शिस्तीत, सरळ वालावरून चालायचं. रोज. ती कंटाळून उचलेपर्यंत. याला त्यांनी ‘निषेध फेरी’ असं नाव दिलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. वालावरून चालायचं म्हटल्यावर माझ्या पोटाबद्दल बोललेलं सगळं वसूल होणार होतं.

मास्तर स्वतः जाऊन काकीला नोटीस देऊन आले. मी बरोबर होतो. उद्या सकाळी सहा वाजता चाळीस माणसं तुमच्या वालावरून चालतील, असं त्यांनी खणखणीत सांगितलं. काकीने आमच्या पायांकडे पाहिलं. मास्तरांचे बूट, माझ्या चपला. मग वर पाहिलं.

“सकाली सहाला?”

“सहा म्हणजे सहा,” मास्तर म्हणाले.

“अंधारात तं चोर पन येतान. दम असंल तं चारला या, भर उन्हात. लोकांना दिसूद्या तुमचा मर्दपना.”

मास्तरांची मान अर्धा वीत वर गेली. ठरलं, चार वाजता.

आता तुम्ही शेतकरी असाल तर तुम्हाला इथेच कळलं असेल. मला कळायला हवं होतं. माझ्या बापाने जन्मभर बैलांनी मळणी केली आणि तीही दुपार कलल्यावर, कारण पहाटे शेंग दहिवराने मऊ असते, दाणा सोडत नाही. दिवसभर उन्हात तापली की बोट लावलं तरी फुटते. पण तीस वर्षं बॉयलरपुढे घालवली की माणूस ऊन विसरतो.

पहिल्या दिवशी चारला आम्ही निघालो. मास्तर पुढे, शिट्टीवर पाऊल. चाळीस जोडी बूट वालावर पडले आणि असा आवाज निघाला म्हणून सांगू! कटकट, फटफट, जणू शत्रूची हाडं मोडताहेत. मी अक्षरशः सुखावलो. काकी कडेला बसून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. तुमच्या पायांना किडे पडतील, तुमच्या चुली विझतील, आणि त्यात मास्तरांच्या पेन्शनीसाठी एक स्वतंत्र शाप होता. ती जितकी ओरडे तितके आम्ही आपटून पाय टाकत होतो. सायकलवालेही आले, ते तर तीन-तीनदा गेले. मास्तर घामाघूम होऊन म्हणाले, पाहिलंत, कशी तडफडते आहे.

दुसऱ्या दिवशी चौकात गेलो तर वालाचा थर उलटासुलटा केलेला. खालचे न फुटलेले वर आलेले. आणि मधे जाड पसरलेले, जिथे आमची रांग जाते तिथे. मला वाटलं, हट्टी आहे म्हातारी. माझ्या गुडघ्यात कळ निघत होती म्हणून मी कडेकडेने, वाल टाळून चालायला लागलो. तोच ती ओरडली.

“ए ढेरपोट्या! कडंनं काय चालतस? घाबरतस काय?”

मी थांबलो. ज्या बाईचं पीक तुडवलं जातंय ती बाई मला पीक सोडून चालतो म्हणून का शिव्या देते? मी खाली वाकलो, पायाखालचा पाला बाजूला केला. खाली दाणे. गोल, तांबूस, अख्खे, भरघोस. मी मान वर केली. काकी माझ्याकडेच बघत होती. प्लास्टरचा हात तिने छातीशी धरला होता आणि तोंडातली शिवी अर्ध्यावर राहिली होती. तिला कळलं होतं की मला कळलं आहे.

ती उठून माझ्याजवळ आली आणि एवढ्या हळू बोलली की मला वाटलं दुसरीच कोणी बाई आहे. “बोललास तं बघ. माजं शेत जाईल.”

समोर मास्तर शिट्टी फुंकत होते. रांग सोडू नका, रांग सोडू नका. आणि माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांदेखत म्हणाले, तुम्ही, हो तुम्हीच, मोरीपासून पुन्हा या.

मी मोरीपासून पुन्हा आलो. पण त्या चालीत मी पक्ष बदलला होता.

तिसऱ्या दिवशी मी कंपनीतले सेफ्टी शूज पायात चढवले, लोखंडी टोपणाचे, एकेक दीड किलोचा. आणि मास्तरांना नम्रपणे सुचवलं की सरळ गेलो तर निषेध दोन मिनिटांत संपतो. त्यापेक्षा चौकातच गोल फिरावं, पाऊण तास. निषेधही होईल आणि डॉक्टरांनी सांगितलेलं चालणंही. मास्तरांनी क्षणभर विचार केला आणि ही कल्पना आपल्याला आदल्या रात्रीच सुचली होती असं जाहीर केलं.

आणि मग ते दृश्य. मळणीच्या खळ्यात मधोमध एक खांब रोवतात, त्याला तिवडा म्हणतात, बैल त्याच्याभोवती फिरतात. इथे तिवडा म्हणून खुद्द मास्तर उभे होते, ताठ, तोंडात शिट्टी. त्यांच्याभोवती आम्ही चाळीस जण, निवृत्त बँकवाले, औषधांच्या दुकानातल्या बाई, काळ्या चष्म्याचा सायकलवाला, गोल गोल, गोल गोल. कोणी दमलं की मास्तर शिट्टी मारायचे. काकीचं नुसतं शिव्यांवर काम होतं. शिव्या संपल्या तर ती जुन्याच उलट क्रमाने घेई. माझ्या पुढचा बँकवाला म्हणाला, आज हिचा आवाज बसलेला वाटतो, आपण जिंकतोय. मी म्हटलं, जोरात आपटा.

बाकावरच्या जावेच्या मात्र सगळं लक्षात आलं होतं. चौथ्या दिवशी मी तिच्यापाशी धापा टाकत बसलो, तर तिने पदर तोंडात कोंबून घेतला होता आणि तिचे खांदे गदगदत होते. आजवर तिने जावेचं एवढं कौतुक केलं नसेल. बोलली मात्र नाही. अकरा वर्षांचं वैर एका हसण्यात थोडंच जातं.

पाचव्या दिवशी पुन्हा ढग. आम्ही दीड तास फिरलो. मास्तर म्हणाले शत्रू खचला आहे, हीच वेळ. खरं होतं, काकी खचली होती. त्या दिवशी ती शिव्या देत नव्हती, आभाळाकडे बघत आमच्या फेऱ्या मोजत होती. मी माझे दीड-दीड किलोचे पाय जेवढे उचलता येतील तेवढे उचलले. रात्री बायकोने गुडघ्यांना शेक दिला आणि विचारलं की एवढा राग बरा का. मी म्हटलं, राग नाही गं, वाल आहेत. तिने माझं कपाळ चाचपून पाहिलं.

सहाव्या दिवशी ढग निघून गेले आणि चारला खाडीवरचा वारा सुटला. आम्ही पोचलो तर काकी उभी होती. डाव्या हाताने वालाची काडी बाजूला सारत होती. मास्तरांनी हात वर करून आम्हाला थांबवलं. त्यांच्या मते ती मार्ग मोकळा करत होती. शरणागती. काकीने सूप उचललं, एक कड दातांत धरली, दुसरी डाव्या हातात, आणि वाऱ्यावर धरलं. भुसा सरळ मास्तरांच्या अंगावर. मास्तर हलले नाहीत, विजयाच्या क्षणी हलायचं नसतं. भुशाने पांढुरके झालेले मास्तर बाकावर चढले आणि भाषणाला उभे राहिले.

एकजूट. शिस्त. सार्वजनिक जागेचं पावित्र्य. त्यांच्या मागे, भाषण चालू असतानाच, वालाची रास वाढत होती. घोट्याएवढी, गुडघ्याएवढी. काकीचा मुलगा पहिली शिफ्ट संपवून मोटरसायकलवरून आला. राशीकडे बघतच राहिला. आमच्याकडे पाहिलं, आमच्या बुटांकडे पाहिलं, पुन्हा राशीकडे. मग गोणी उघडून भरायला लागला. तीन गोण्या भरल्या, चौथीचं तोंड उघडं धरून त्याने आईला विचारलं, “बियाला किती ठेवू?”

काकीने सूप खाली ठेवलं आणि पदराने तोंड पुसलं. भुसा डोळ्यांत गेला असावा.

मास्तर शेवटाकडे आले होते. या मार्गावर पुन्हा कोणाचं पीक दिसणार नाही, असं ते म्हणाले आणि टाळ्यांसाठी थांबले. चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या जावेकडे काकीने पहिल्यांदाच मान वळवली, तिला डोळ्यांनी पायापासून डोक्यापर्यंत मोजलं, आणि मग आमच्याकडे वळून, तिकडे खाली शेतात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“उद्या पन चारलाच या रे सगले! जावेचे वाल अजून तसेच पडलेत.”